पिण्याआधीचा तास

आज क्लिनिकल सायकॉलॉजीची पदवी घेणाऱ्या मित्रमैत्रिणींनो, तुमचं अभिनंदन. तुमच्या आईवडिलांचं थोडं जास्तच, फी त्यांनी भरली. जबलपूरच्या मराठी मंडळींनी ‘मराठीतच बोला’ असा आग्रह धरला, तो मला मोडवला नाही.

मी नोकरीला लागले तेव्हा माझी खोली क्ष-किरण विभाग आणि भांडारघर यांच्यामध्ये होती. निम्मी जुन्या फायलींनी भरलेली. वॉर्डातून चिठ्ठी यायची : ‘अल्कोहोलिक. प्लीज काउन्सेल.’ बस, एवढंच. आणि ती यायची डिस्चार्जच्या दिवशी! पेशंटचं पोट पाण्यानं फुगलेलं, डोळे पिवळे, बाहेर बायको रिक्षा थांबवून उभी. ‘मॅडम, जरा समजवा त्याला.’ वीस वर्षांचं दुखणं दहा मिनिटांत समजवायचं. नाही जमलं की वरून ऐकायचं, या सायकॉलॉजीवाल्यांचा उपयोग काय? माझा हा राग अजून गेलेला नाही, हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

अस्थिरोग वॉर्डातला एक मुलगा आठवतो. इंजिनिअरिंगचा, पिऊन मोटरसायकलवरून पडलेला. वॉर्डबॉयपासून मामापर्यंत सगळ्यांनी त्याला झापून घेतलं होतं. किती प्यायलास, कुणाबरोबर, लाज कशी वाटली नाही. मी विचारलं, प्यायच्या आधी तासभर काय चाललं होतं? बराच वेळ तो प्लास्टर खरवडत बसला. मग कळलं, दुसऱ्या दिवशी व्हायवा होती. चारचौघांत उभं राहिलं की त्याचा घसा बंद व्हायचा. हॉस्टेलवर कुणीतरी पव्वा पुढे केला आणि त्या रात्री त्यानं पहिल्यांदा पोरांना हसवलं. ‘दो पैग के बाद, मैडम, मैं आदमी लगता हूँ.’

दारू भीती दाबते ती काही तास. उतरताना तीच भीती व्याजासकट परत येते, झोप मोडते. मेंदूनं मात्र धडा घेतलेला असतो की उपाय बाटलीत आहे. पुढे तेवढ्या दारूनं भागतही नाही. मुलींचंही हेच, फक्त त्या लपवून पितात आणि आपल्यापर्यंत आणखी उशिरा पोहोचतात. लिन कूपर यांनी १९९४ मध्ये पिण्याची चार कारणं मांडली : मजा, दोस्तांची संगत, वेगळं पडू नये ही धडपड आणि मनातलं दुखणं दाबणं. परीक्षेसाठी तुम्ही ती पाठ केली असतील. चौथ्यापाशी जरा थांबा, पिणं हाताबाहेर जाण्याशी त्याचं नातं सगळ्यांत जवळचं.

आपल्याकडे चर्चा होते ती दुकानांची. १ एप्रिल २०२३ पासून मध्य प्रदेशात अहाते, म्हणजे दारूच्या दुकानांलगत बसून प्यायच्या जागा, बंद झाले. माझी हरकत नाही, गल्लीतला गोंधळ कमी झाला तर मला हवाच आहे. पण व्हायवाची भीती त्यानं बंद होत नाही.

आणि आपल्या व्यवसायाचा तोरा! गोव्यात ‘संगथ’ या संस्थेनं स्थानिक माणसांना शिकवून समुपदेशक केलं, मानसोपचाराची पदवी त्यांच्याकडे नव्हती. जास्तीत जास्त चार बैठका. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले : तीन महिन्यांनी घातक पिण्यातून सावरलेले पुरुष त्यांच्या गटात ३६ टक्के, नेहमीच्या उपचारांच्या गटात २६. हे मी एका सभेत सांगितलं तर आमचे ज्येष्ठ म्हणाले, मग आमच्या पदव्यांचं काय करायचं? मी म्हटलं, फ्रेम करा. त्यानंतर त्यांनी मला बोलावलं नाही. केंद्र सरकारच्या २०१९ च्या पाहणीत दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांत एकालाच काहीतरी उपचार मिळाल्याचं दिसलं. अशा देशात आपण तोरा मिरवतो.

म्हणून एकच मागणं, आणि ते मी पुन्हा पुन्हा करणार आहे : कावीळ व्हायची वाट पाहू नका, आधी विचारा. झोप येत नाही म्हणून आलेल्याला विचारा, नापास झालेल्याला विचारा, ब्रेकअपवाल्याला विचारा. आणि विचारताना प्रवचन देऊ नका. ते त्यानं ऐकलेलं असतं, तुमच्याहून चांगलं, स्वतःच्या आईकडून.

सोमवारपासून तुमच्या हाती केसपेपर येतील. त्यावर ‘व्यसन : आहे / नाही’ असा बोटभर रकाना असेल. टिक करून पुढे जाऊ नका. केव्हा, कुणाबरोबर, त्याआधीच्या तासात काय घडलं, हे लिहा. जागा पुरली नाही तर पाठीमागे लिहा, पान कोरंच असतं.