पारपत्र, आडनाव आणि आई



या व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला बोलावले, तेव्हा आम्ही पगारवाढीवर किंवा वागळे इस्टेटीतल्या बंद पडलेल्या कारखान्यांवर बोलू, अशी त्यांची अपेक्षा असावी. तीस वर्षे आम्ही तेच बोलत आलो आहोत. आज मात्र विषय निराळा आहे, आणि तो आम्ही मुद्दाम मागून घेतला आहे. आमचे शिक्षण दहावीपाशी थांबले. पुढचे जे काही चार शब्द पदरी पडले, ते पाळी सुटल्यावर ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात बसून. १८९३ सालच्या त्या संस्थेचे आमच्यावर ऋण आहे. तेव्हा कायद्याची भाषा वकिलासारखी आली नाही, तर सांभाळून घ्यावे.

येथून हाकेच्या अंतरावर खोपटचे एस. टी. आगार आहे. एखादी बाई कडेवर पोर घेऊन गाडीत चढली, तर कंडक्टर पोराचे वय विचारतो. पाच ते बारा वर्षांचे असेल तर अर्धे तिकीट. मार्च २०२३ पासून त्या बाईलाही अर्धेच तिकीट आहे. पण बाई, तुमचे आडनाव काय आणि पोराचे काय, असे कंडक्टरने विचारल्याचे आम्ही आजवर ऐकले नाही. आई आहे हे दिसते, तेवढे पुरते. परदेशाच्या वाटेवर मात्र तेवढे पुरत नाही. तेथे आईला आई असल्याचा कागद दाखवावा लागतो. हे आम्हांला एका रात्री कळले, आणि आमच्या चुकीने कळले.

आमच्या युनियनची एक सभासद भगिनी एका कारखान्यात मालाच्या बांधणीचे काम करते. तिचे खरे नाव आम्ही सांगत नाही. समजा, माहेरचे नाव सुमन आणि सासरचे वैशाली. नवरा आखातात नोकरी पाहत होता, तेव्हा त्याने मुलाचे पारपत्र काढून ठेवले. त्यात आईच्या नावाच्या जागी 'वैशाली' आणि नवऱ्याचे आडनाव. पुढे नवऱ्याने दुसरा संसार मांडला, घटस्फोट झाला आणि मुलगा कोर्टाच्या हुकुमाने हिच्याकडे राहिला. दोन वर्षांनी मस्कतच्या बहिणीने तिला सुटीत बोलावले. तिच्या पारपत्राचा अर्ज आम्ही भरला. शाळा सोडल्याच्या दाखल्यावरून तिला तिचे माहेरचे नाव आणि आडनाव परत मिळवून दिले. बाईला तिचे नाव मिळाले, या आनंदात आम्ही मुलाची पुस्तिका उघडूनसुद्धा पाहिली नाही. "आणखी काही कागद घेऊ का, दादा?" असे तिने विचारले, त्यावर आम्ही म्हणालो, "पारपत्र आहे, व्हिसा आहे, आणखी कशाला ओझे?"

विमानतळावरच्या खिडकीशी दोन पुस्तिका शेजारी शेजारी ठेवल्या गेल्या. आडनावे निराळी. शेवटचे पान उलटले, तर तेथे आईचे नाव वैशाली आणि समोर उभी सुमन. कागदाच्या दृष्टीने त्या दोन निरनिराळ्या बायका झाल्या. मग मुलाला विचारले, "ही तुझी कोण?" सहा वर्षांचे पोर. गणवेश पाहून त्याची वाचाच बसली. ते आईच्या पदराला धरून नुसते उभे राहिले. तिने आम्हांला फोन केला, "दादा, आता ह्यांना काय दाखवू?" दाखवण्याजोगा कागद होता. घटस्फोटाच्या हुकूमनाम्यावर तिची दोन्ही नावे आणि मुलाचे नाव एकत्र होते. पण तो घरी, ट्रंकेत. विमान गेले. पतपेढीतून काढलेल्या कर्जाचे तिकीट गेले. आणि पैशाहून मोठे असे काही गेले, ते त्या बाईच्या तोंडावर आम्ही दुसऱ्या दिवशी पाहिले.

आता या प्रकरणात दोष कुणाचा? खिडकीमागच्या माणसाला शिव्या देणे सोपे आहे. आम्हीही त्या रात्री दिल्या. पण नंतर वाचन केले, तेव्हा प्रश्नाची मुळे आमच्याच घरात सापडली.

आपल्या नावाची घडण पाहा. मधले नाव बापाचे, शेवटी आडनाव. मुलीचे लग्न झाले की मधले नाव नवऱ्याचे होते, आडनाव त्याचे होते, आणि पुष्कळ घरांत ताटातल्या तांदळावर अंगठीने नवे नाव लिहून पहिले नावही बदलले जाते. म्हणजे तिन्ही नावे बदलली. पुरुषाच्या नावाचे एक अक्षर हलत नाही. बाईने असे नाव बदललेच पाहिजे, असे सांगणारा कायदा या देशात नाही. हा केवळ रिवाज आहे. तांदळावर लिहिलेले नाव हाताने पुसता येते. पण तेच नाव पुढे शिधापत्रिकेवर चढते, मुलाच्या जन्माच्या दाखल्यावर चढते, आणि शाळेच्या दाखल्यावर मात्र जुनेच राहते. अशा रीतीने एका बाईच्या कागदोपत्री दोन बाया होतात. नवरा नांदवतो आहे तोवर हे कुणाच्या ध्यानात येत नाही. तो गेला, मेला किंवा त्याने सोडले, की त्या दोघींपैकी खरी कोण, हे तिला सिद्ध करावे लागते.

बापाचेच नाव लावण्याची चाल सनातन आहे, असे कोणी म्हणेल, तर त्याने एकदा नाशिकची पांडवलेणी पाहून यावे. सातवाहनांचा थोर राजा गौतमीपुत्र सातकर्णी. त्याचा मुलगा वासिष्ठीपुत्र पुळुमावी. दोघांच्याही नावाच्या आरंभी आईच्या गोत्राचे नाव आहे. तेथल्या तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीचा शिलालेख आहे. पुळुमावीच्या राज्याच्या १९ व्या वर्षी तो कोरलेला आहे. मुलाचा पराक्रम आईने सांगितला आहे. याच महाराष्ट्राच्या मातीत राजे आईच्या नावाने ओळखले जात होते, आणि त्यांना कमीपणा आला नाही.

आता पारपत्राकडे येऊ. पहिल्या महायुद्धानंतर, ऑक्टोबर १९२० मध्ये, राष्ट्रसंघाच्या पुढाकाराने पॅरिसला परिषद भरली आणि पारपत्राची पुस्तिका सर्व देशांत साधारण एकसारखी असावी असे ठरले. त्या काळी पुष्कळ देशांत कुटुंबाची एकच पुस्तिका असे. बायको नवऱ्याच्या पुस्तिकेत, मुले आईबापांच्या पुस्तिकेत. आपल्याकडेही मुलांची नावे आईबापांच्या पुस्तिकेत लिहिली जात. त्यामुळे नाते एकाच पानावर दिसे. पुढे यंत्राने वाचायची पुस्तिका आली आणि आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने 'एका माणसाला एक पारपत्र' हा दंडक घातला. तो योग्यच होता, कारण कुणाच्याही पुस्तिकेत कुणाचेही मूल घुसडणे त्याने अवघड झाले. पण त्याच दिवशी आई आणि मूल कागदावर वेगळे झाले. नाते दाखवायला उरले काय? आडनाव. आणि आडनाव हा नात्याचा पुरावाच नव्हे. आइसलँडमध्ये बहुतेकांना कुळाचे आडनाव नसतेच. नावापुढे 'अमक्याचा मुलगा' किंवा 'अमक्याची मुलगी' एवढेच असते. तेथे एका घरातल्या आई, बाप, मुलगा आणि मुलगी यांची शेवटची नावे चार तऱ्हांची असू शकतात. स्पेनमध्ये बाई लग्नानंतर आडनाव बदलत नाही आणि मूल बहुधा दोघांचीही आडनावे लावते. तेव्हा आडनाव जुळले म्हणजे नाते खरे आणि नाही जुळले म्हणजे संशय, हा हिशेब मुळातच चुकीचा आहे.

तरीही अधिकारी विचारतो, ते उगाच नव्हे. आईबापांचे भांडण झाले की एकाने मूल परदेशी पळवून नेण्याचे प्रकार जगभर होतात. त्यासाठी २५ ऑक्टोबर १९८० रोजी हेग येथे एक करार झाला. भारताने तो स्वीकारलेला नाही. मुलांचा व्यापार करणारेही आहेत. दक्षिण आफ्रिकेने १ जून २०१५ पासून मुलाबरोबर आईबापांची नावे असलेला सविस्तर जन्मदाखला सक्तीचा केला होता. प्रवासी इतके हैराण झाले की पुढे तो नियम सैल करावा लागला. ब्रिटनमध्येही मुलाचे आणि तुमचे आडनाव निराळे असेल, तर नात्याचा पुरावा मागितला जाऊ शकतो. पहारेकऱ्याने विचारावे. पळवून नेलेल्या मुलाच्या आईला त्या प्रश्नाचे मोल ठाऊक असते. आमचे म्हणणे एवढेच की, प्रश्न बाईला अपराधी ठरवून विचारू नये, आणि उत्तर देणारा कागद तिच्यापाशी असावा.

तो कागद मिळण्याची वाट गेल्या पंचवीसएक वर्षांत पुष्कळ मोकळी झाली आहे. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात बाप हा नैसर्गिक पालक आणि 'त्याच्यानंतर' आई, असे म्हटले आहे. १९८४ साली लेखिका गीता हरिहरन यांनी आपल्या अज्ञान मुलाच्या नावाने रिझर्व्ह बँकेकडे रोख्यांचा अर्ज केला. तेव्हा बापाची सही आणा, असे त्यांना सांगण्यात आले. त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १७ फेब्रुवारी १९९९ रोजी न्यायालयाने सांगितले की, 'त्याच्यानंतर' म्हणजे तो मेल्यावरच असे नव्हे. तो नसेल, लक्ष देत नसेल, तर आई पालकच आहे. जुलै २०१५ मध्ये त्याच न्यायालयाने अविवाहित आईला बापाला न कळवताही पालकत्व मागता येईल, असा निर्णय दिला. मे २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने पारपत्रात बापाचे नाव घालण्याची सक्ती करता येणार नाही, असे म्हटले. आणि डिसेंबर २०१६ मध्ये सरकारने नियमच बदलले. आई, बाप किंवा कायदेशीर पालक यांपैकी एकाचे नाव पुरेसे ठरले. विवाहाच्या दाखल्याची सक्ती गेली. घटस्फोटितेने पूर्वीच्या नवऱ्याचे नाव देण्याची गरज उरली नाही. परिशिष्टे पंधरावरून नऊवर आली आणि ती साध्या कागदावर, स्वतःच्या सहीने चालू लागली. जुलै २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक गोष्ट स्पष्ट केली. बाप वारला आणि आईने पुन्हा लग्न केले, तर मुलाचे आडनाव ठरवण्याचा हक्क आईचा आहे.

आपल्या राज्यानेही मार्च २०२४ मध्ये ठरवले की, १ मे २०२४ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या मुलाचे नाव सरकारी कागदांवर मुलाचे नाव, आईचे नाव, बापाचे नाव आणि आडनाव अशा क्रमाने लिहायचे. ही चांगली गोष्ट झाली. परंतु त्यात आईचे पहिले नावच येते. ते सासरचे की माहेरचे, हा आमच्या सुमनचा प्रश्न त्याने सुटत नाही.

म्हणून चार व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. कंटाळू नका, कारण या गोष्टी न सांगितल्यानेच आमच्या हातून ती चूक झाली.

पहिली गोष्ट. मूल जन्मले की दाखल्यावर आईचे नाव असे लिहा, जसे तिच्या स्वतःच्या दाखल्यांवर आहे. घरात हाक कोणत्याही नावाने मारा. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते. चूक राहिली, तर १९६९ च्या जन्ममृत्यू नोंदणी कायद्याच्या १५ व्या कलमाखाली दुरुस्ती करता येते. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांना तर पारपत्रासाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून हा एकच दाखला चालतो. तेव्हा त्याचे मोल ओळखा.

दुसरी गोष्ट. अर्ज भरताना दोन्ही पुस्तिका शेजारी ठेवून पाहा. मुलाच्या पुस्तिकेत आईचे नाव छापलेले असेल, तर ते तिच्या पुस्तिकेशी अक्षर न अक्षर जुळले पाहिजे. जानेवारी २०१८ मध्ये आईबापांच्या नावांचे ते शेवटचे पान काढून टाकण्याचे सरकारने जाहीर केले होते, पण त्याच महिन्यात तो बेत मागे घेतला. तरी केवळ त्या पानावर विसंबू नका. मुलाचे पारपत्र पाच वर्षांचे असते. नवे काढताना चूक सुधारण्याची संधी मिळते, आणि त्याआधीही बदलून घेता येते.

तिसरी गोष्ट. दोघे आईबाप संमती देत असतील, तर मुलाच्या अर्जाला परिशिष्ट 'डी' जोडतात. एकाची संमती मिळत नसेल, तर 'सी', आणि त्यात कारण लिहितात. नवरा सही देत नाही म्हणून मुलाचे पारपत्रच निघत नाही, असे दलाल सांगतो. त्यावर विश्वास ठेवू नका.

चौथी गोष्ट. प्रवासात जन्माचा दाखला जवळ ठेवा. नाव बदलले असेल, तर विवाहाचा दाखला, राजपत्रातली सूचना किंवा घटस्फोटाचा हुकूमनामा, यांपैकी दोन नावे जोडणारा एक कागद ठेवा. दुसरा पालक बरोबर नसेल आणि त्याच्याशी बोलणे असेल, तर त्याचे संमतिपत्र घ्या. हे कागद सामानाच्या पेटीत टाकू नका. ते हातातल्या पिशवीत असावेत.

युनियनमध्ये आम्ही शिकलो ते असे की, हक्क कायद्यात लिहिला म्हणजे मिळाला असे होत नाही. हजेरीपत्रक नसेल तर खरी भरलेली पाळीही बुडते. आईपणाचेही तसेच झाले आहे, हे वाईट आहे, पण तसे आहे खरे. तेव्हा ज्याला चार अक्षरे येतात, त्याने शेजारणीचा अर्ज भरताना फक्त रकाने भरू नयेत. तिच्या आयुष्यात नावे किती वेळा बदलली, हे आधी विचारावे. आम्ही विचारले नव्हते.

ती भगिनी पुढच्या सुटीत मस्कतला गेली. या वेळी मुलाचे पारपत्र बदलून घेतले होते, आईचे नाव तिच्या नावाशी जुळवले होते. पतपेढीचे पहिले कर्ज फिटले नव्हते, म्हणून दुसऱ्याला आम्ही जामीन राहिलो. तेवढे तर आमच्याकडे लागतच होते. निघण्यापूर्वी तिने आम्हांला पिशवी उघडून एकेक कागद दाखवला. खिडकीवर त्यांतला एकही कोणी मागितला नाही, असे तिने परत आल्यावर सांगितले. मुलाला मात्र पुन्हा तोच प्रश्न विचारला गेला, "ही तुझी कोण?" ते सात वर्षांचे झाले होते. या खेपेला त्याने उत्तर दिले.