भिंतीवर कुणाचा चेहरा?



मुंबईत कुलाब्याला ससून डॉक आहे. १८७५ साली बांधलेला. पहाटे मासळीच्या बोटी लागतात, लिलाव होतो आणि बाया ओळीनं बसून कोळंबी सोलतात. २०१७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात तिथल्याच जुन्या गोदामात स्टार्ट इंडिया या संस्थेनं कलामहोत्सव भरवला. देशविदेशातल्या कलाकारांनी भिंती रंगवल्या, खोल्याखोल्यांत नवनवे प्रयोग मांडले. मला त्यातली एकच गोष्ट सांगायची आहे. फ्रेंच कलाकार जेआर यांच्या 'इनसाइड आउट' उपक्रमातून कोळी समाजातल्या बायामाणसांचे भलेमोठे फोटो इमारतीवर बाहेरून चिकटवले होते.

फोटोनं मजुरी वाढत नाही, हे खरंच. पण बाजार कुणाच्या हातांवर चालतो, ते येणाऱ्याजाणाऱ्याला दिसतं.

आपल्याकडं काय होतं? पापड, शेवया आपण करायच्या आणि स्टॉलच्या फ्लेक्सवर फोटो पुढाऱ्यांचे!

तुमच्या गावात बंद गिरणी किंवा सोसायटीचं रिकामं गोदाम असेल. लेखी परवानगी घ्या. छप्पर आणि वायरिंग तपासून घ्या. मग एक दिवस तिथं आपला मेळा भरवा. ओव्या, भारूड, गोधड्या, रांगोळ्या, सगळं येऊ द्या. भिंतीवर गटातल्या प्रत्येकीचा फोटो लावा, तिला विचारूनच. खाली तिचं नाव आणि तिचं काम लिहा. 'अमक्याची बायको' एवढंच नको.

येत्या मासिक बैठकीत हा विषय घ्याल ना?