गरुडवाटेवरची अकरा वळणं
(रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)

मंडळी, नॉर्वेतला गायरांगर फ्योर्ड मी मुलाच्या मोटरसायकलवर मागे बसून पाहिला. २००५ पासून तो जागतिक वारसा आहे. गाव जेमतेम अडीचशे वस्तीचं, पण क्रूझ आली की दादरच्या पुलावरची गर्दी! तिथून गरुडवाट चढते, अकरा वळणांची. एका वळणावर समोरून टुरिस्ट बस आली. मुलाने ब्रेक दाबला, चढावर पाय टेकेना, आणि गाडीसकट आम्ही दोघं आडवे. माझा गुडघा तेवढा सोलवटला. मागून येणाऱ्या जर्मन मोटरसायकलवाल्यांनी गाडी उचलून दिली. वरून फ्योर्ड पाहिला खरा, पण हात थरथरत होते. मुलगा म्हणाला, "बाबा, आईला सांगू नका हं." नाही सांगितलं. आज सांगतोय, आमची ही तिसऱ्या रांगेत बसलीय.