‘चला’ कोण म्हणणार?



२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात सुमारे ९५ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झाली. मी बोलणार आहे ती उरलेल्या बायांबद्दल. नंदुरबारच्या धडगाव-अक्कलकुवा भागात पावसाळ्यात नाले भरतात, गाडी पाड्यापर्यंत येत नाही आणि बाई घरीच बाळंत होते. तिला अडाणी म्हणून भागणार नाही.

तयारी म्हटली की आपण साबण, नवं ब्लेड, उकळलेला दोरा, स्वच्छ सुके कपडे सांगतो. ते हवंच. पण १९९४ साली थॅडियस आणि मेन या अभ्यासकांनी मातामृत्यूंमागचे तीन विलंब मांडले: निर्णयाला, पोचायला आणि उपचार मिळायला. पहिला विलंब घरातला. रक्त थांबत नाही, अर्ध्या तासात वार पडत नाही, झटके येतात. तरी ‘मालक येऊ दे’ म्हणून सगळे थांबतात. रक्तस्राव तेवढी सवड देत नाही.

म्हणून सातव्या महिन्यातच मी बाईसोबत सासू, नवरा, दाई आणि आशाताईंना एकत्र बसवते. झोळी कोण उचलणार? गाडी कुठवर येईल? १०८ ला फोन कोण लावणार, रेंज कुठे मिळते? रक्त कोण देणार? आणि नवरा घरी नसला तर ‘चला’ कोण म्हणणार? हे आधी तिलाच विचारायचं. तिचा शब्द पुरेसा आहे, हे घरानं सगळ्यांसमोर कबूल करायचं.

पावसाळ्याआधी प्रत्येक पाड्यावरच्या महिला मंडळानं अशी एक बैठक घ्यावी, एवढंच माझं मागणं आहे.