एकट्याचा खेळ कीं संघाचा?

शांघायमधील एखाद्या आंतरराष्ट्रीय शाळेची दुपार डोळ्यांसमोर आणावी. शेवटचा तास संपला आहे. व्यायामशाळेच्या दाराशेजारीं भिंतीवर एक कागद लावलेला आहे. त्यावर एका बाजूला पोहणें, बॅडमिंटन, टेबल टेनिस, धावण्याच्या शर्यती अशीं नांवें आहेत. दुसऱ्या बाजूला बास्केटबॉल, व्हॉलीबॉल, फुटबॉल. बारा वर्षांचा एक मुलगा हातांत पेन्सिल घेऊन त्या कागदापुढें उभा आहे. तो कोठें तरी आपलें नांव लिहील आणि घरीं जाणारी बस गांठण्यासाठीं पळेल. ही गोष्ट दोन मिनिटांची, आणि वडीलधाऱ्यांच्या दृष्टीनें किरकोळ. परंतु तेवढ्या वेळांत त्या मुलानें एका मोठ्या प्रश्नाचें उत्तर देऊन टाकलेलें असतें: आपली कसोटी एकट्यानें द्यावयाची, कीं चार जणांच्या बरोबरीनें? हें उत्तर तो कोणत्या कारणानें देतो, याचा विचार करूं लागलें म्हणजे शाळा, घर, देश आणि वय या चारही गोष्टी त्या पेन्सिलीच्या टोकापाशीं येऊन भिडलेल्या दिसतात.

चीनमध्यें परदेशी मुलांसाठीं शाळा असणें ही नवी गोष्ट नाहीं. शांघाय अमेरिकन स्कूल ही शाळा १९१२ सालीं स्थापन झाली. राज्यक्रांतीनंतर ती बंद पडली, आणि चीननें परदेशी व्यापाराला पुन्हां दारें उघडल्यावर १९८० सालीं पुनश्च सुरू झाली. त्यानंतरच्या चाळीस वर्षांत बीजिंग, शांघाय, शेन्झेन अशा शहरांतून अशा शाळांची संख्या पुष्कळच वाढली. त्यांचे ढोबळमानानें दोन वर्ग पडतात. पहिल्या वर्गांतील शाळांत मुख्यतः परदेशी पारपत्र असलेल्या मुलांनाच प्रवेश असतो. वकिलातींतील अधिकारी, कंपन्यांचे व्यवस्थापक, अभियंते यांची तीं मुलें होत. दुसऱ्या वर्गांतील शाळा द्वैभाषिक असून त्यांत बहुतेक चिनी कुटुंबांतील मुलें शिकतात, आणि पुढें परदेशी विद्यापीठांत जावयाचें हें त्यांच्या आईबापांनीं बहुधा आधींच योजून ठेवलेलें असतें. पहिलें मूल थोड्या वर्षांनीं गांव सोडून जाणार; दुसरें मूल गांवांतच राहणार, पण त्याची नजर दूरवर लावून दिलेली. खेळ निवडतांना हा फरक नकळत आपलें काम करीत असतो.

पूर्वेकडील माणूस समूहांत रमणारा आणि पश्चिमेकडील माणूस व्यक्तिवादी, असा एक समज फार दिवस चालत आला आहे. तो खरा धरला तर चिनी मुलांनीं सांघिक खेळांकडे धांव घ्यावी, आणि परदेशी मुलांनीं एकट्याच्या खेळांकडे. परंतु चीनच्या क्रीडेचा इतिहास पाहिला तर हें गणित जुळत नाहीं. नव्या चीनला पहिलें जागतिक विजेतेपद १९५९ सालीं रोंग ग्वोत्वान यानें मिळवून दिलें, तें टेबल टेनिसच्या एकेरींत. ऑलिंपिकमधील चीनचें पहिलें सुवर्णपदक १९८४ सालीं शू हायफेंग यानें पटकावलें, तें नेमबाजींत. २०२४ सालच्या पॅरिस येथील सामन्यांत पाण्यांत सूर मारण्याच्या स्पर्धांतील आठच्या आठ आणि टेबल टेनिसमधील पांचच्या पांच सुवर्णपदकें चीननें नेलीं. कसोटीच्या क्षणीं जेथें एक किंवा दोनच खेळाडू उभे असतात, तेथें या देशाचा हात धरणारा विरळा. याउलट पुरुषांच्या फुटबॉलच्या विश्वचषकाच्या अंतिम फेरींत चीनला आजवर एकदांच, २००२ सालीं, स्थान मिळालें, आणि तेथें त्याला एकही गोल करतां आला नाहीं.

यावरून चिनी स्वभावच एकलकोंडा, असा उलटा निष्कर्ष काढणेंही तितकेंच चुकीचें ठरेल. बास्केटबॉल हा खेळ शोधून काढल्यावर चारच वर्षांनीं, म्हणजे १८९५ सालीं, वाय. एम. सी. ए. या संस्थेच्या द्वारें तियानजिन शहरीं पोंचला, आणि तेव्हांपासून तो चीनमध्यें रुजला आहे. २००२ सालीं याओ मिंग अमेरिकेंतील व्यावसायिक संघांत गेल्यावर तर गल्लोगल्लींचीं मुलें चेंडू टोलावूं लागलीं. चिनी स्त्रियांच्या व्हॉलीबॉल संघानें १९८४, २००४ आणि २०१६ अशीं तीन ऑलिंपिक सुवर्णपदकें जिंकलीं. तेव्हां वंश किंवा संस्कृति यांच्या नांवावर मुलाची निवड खपविणें सोपें असलें तरी त्यानें कांहीं उलगडत नाहीं.

येथें एक भेद ध्यानांत घेतला पाहिजे. १९५१ सालापासून चीनमध्यें नभोवाणीवरून व्यायामाचे धडे देण्याची प्रथा सुरू झाली. ध्वनिक्षेपकांतून संगीत आणि आंकडे ऐकूं येतात, आणि शाळेच्या पटांगणांत शेंकडों मुलें एकाच वेळीं हात वर करतात, एकाच वेळीं वांकतात. पाहणाराला वाटतें, यापेक्षां अधिक सामूहिक तें काय असणार? परंतु त्या पटांगणांत कोणी कोणाकडे चेंडू टाकीत नाहीं, कोणाच्या चुकीमुळें दुसऱ्याचा डाव बिघडत नाहीं, कोणाला कोणासाठीं धांवावें लागत नाहीं. बरोबर असणें वेगळें आणि परस्परांवर अवलंबून असणें वेगळें. संघाचा खेळ दुसऱ्या प्रकारचा आहे, आणि तो मुलाकडून एक वेगळेंच धैर्य मागतो.

तें धैर्य कशांतून येतें, याविषयीं मानसशास्त्रज्ञांनीं केलेली एक मांडणी उपयोगी पडते. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या अमेरिकन संशोधकांनीं १९८५ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत आणि नंतरच्या लेखनांत असें प्रतिपादिलें, कीं मनुष्याच्या मनाच्या तीन मूलभूत गरजा असतात: आपला निर्णय आपण घेतला असें वाटणें, आपल्याला हें जमतें असा अनुभव येणें, आणि आपण कोणाचे तरी आहों ही भावना. ज्या कामांत या तिन्ही गरजा भागतात तें काम माणूस आपण होऊन करीत राहतो. ज्यांत त्या भागत नाहींत तें बक्षिसाच्या आशेनें किंवा धाकानें कांहीं काळ चालतें, आणि पुढें सुटतें.

पहिली गरज स्वयंनिर्णयाची. त्या कागदावर नांव मुलानें लिहिलें कीं घरच्या मंडळींनीं? १९८० च्या सुमारापासून २०१५ अखेरपर्यंत चीनमध्यें एकाच अपत्याचें धोरण होतें. एकुलत्या एका मुलावर आई, बाप आणि दोन्हीकडचे आजीआजोबा अशा सहा जणांच्या आशा येऊन ठेपल्या. अशा घरांना एकट्याच्या खेळाचें आकर्षण वाटणें स्वाभाविक आहे. शिक्षक एक, विद्यार्थी एक; प्रगति सेकंदांत मोजतां येते आणि प्रमाणपत्र मुलाच्या एकट्याच्या नांवाचें मिळतें. विद्यापीठाच्या अर्जांत संघांतील सातव्या खेळाडूपेक्षां पोहण्याच्या शर्यतींतील पहिला उठून दिसतो, असा हिशेबही त्यामागें असतो. २०२१ सालीं चीन सरकारनें शालेय विषयांच्या खाजगी शिकवण्यांवर कडक निर्बंध घातले, तेव्हां क्रीडेचे वर्ग त्या निर्बंधांबाहेर राहिले. यामुळें महत्त्वाकांक्षेला ती एक वाट मोकळी राहिली. परंतु दुसऱ्यानें निवडलेला खेळ कितीही चांगला साधला तरी मुलाच्या मनांत तो परकाच राहण्याचा संभव असतो.

याचें बोलकें उदाहरण टेनिसपटू ली ना हिचें आहे. लहानपणीं तिला बॅडमिंटन शिकावयास घातलें होतें. नऊ वर्षांची होण्यापूर्वींच शिक्षकाच्या सांगण्यावरून तिला टेनिसकडे वळविण्यांत आलें. ती राष्ट्रीय संघांत गेली, पण २००२ सालीं खेळ सोडून विद्यापीठांत वृत्तपत्रविद्या शिकावयास निघून गेली. दोन वर्षांनीं ती परत आली. पुढें तिला आणि आणखी कांहीं खेळाडूंना आपला शिक्षक आणि आपले सामने स्वतः ठरविण्याची मुभा मिळाली. त्यानंतर, २०११ सालीं, तिनें फ्रेंच स्पर्धेंतील एकेरीचें विजेतेपद जिंकलें. तिचा मार्ग मोकळा झाला म्हणूनच ती जिंकली असें सिद्ध करतां येणार नाहीं. परंतु सोडून गेलेला खेळ ती आपल्या मर्जीनें पुन्हां हातीं धरते, यांतील अर्थ आईबापांनीं समजून घेण्यासारखा आहे.

दुसरी गरज कर्तृत्वाच्या प्रतीतीची, आणि येथें वय आडवें येतें. अकरा ते चौदा हा काळ शरीराच्या अव्यवस्थेचा असतो. मुलींची उंची साधारणपणें बाराव्या वर्षाच्या सुमारास सर्वांत वेगानें वाढते, मुलांची चौदाव्याच्या सुमारास. एकाच वर्गांत एक मुलगा पुरुषासारखा दिसतो, तर त्याच्या शेजारचा अजून बालक असतो. बास्केटबॉलच्या निवडचांचणींत पहिला घेतला जातो आणि दुसरा वगळला जातो. वगळलेला मुलगा टेबल टेनिसकडे वळला तर घरचे म्हणतात, याला एकट्याचा खेळ आवडतो. वस्तुतः ती आवड नसून माघार असूं शकेल. उलटही घडतें. पोहण्याच्या शर्यतींत सर्वांच्या देखत शेवटचें येणें ज्या मुलीला असह्य होतें, ती संघांत जाते, कारण अकरा जणींत एकीची चूक झांकली जाते. कांहीं मुलें स्वतःला कालच्या स्वतःशीं ताडून पाहतात, कांहीं शेजाऱ्याशीं. पहिल्या प्रकारच्या मुलाला घड्याळ मित्रासारखें वाटतें. दुसऱ्याला तें न्यायाधीशासारखें.

तिसरी गरज आपलेपणाची. रूथ यूसीम या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ स्त्रीनें १९५० नंतरच्या दशकांत भारतांत राहणाऱ्या अमेरिकन कुटुंबांचें निरीक्षण करतांना 'तिसऱ्या संस्कृतींतील मुलें' ही कल्पना मांडली. आईबापांचा देश एक, राहण्याचा देश दुसरा, आणि या दोहोंमधल्या जागेंत तिसरेंच आपलें जग उभें करणारीं हीं मुलें. आज शांघायच्या वर्गांत कोरियन, जर्मन, अमेरिकन, आणि कधीं भारतीय मूलही बसलेलें असतें. ऑगस्टमध्यें नव्यानें आलेल्या मुलाला जेवणाच्या वेळीं कोणाच्या मेजावर बसावें हें कळत नाहीं. फुटबॉलच्या संघांत मात्र त्याची जागा ठरलेली असते. चेंडू मागण्यासाठीं व्याकरण लागत नाहीं. म्हणून अशा मुलांना संघ हें घर वाटतें. परंतु जून आला कीं संघांतला सर्वांत जवळचा मित्र सिंगापूरला किंवा लंडनला निघून जातो. दोनदां, तीनदां हें घडलें म्हणजे एखादें मूल शहाणें होतें आणि असा खेळ निवडतें, ज्यांतून कोणी निघून गेलें तरी खेळ मोडत नाहीं. बाहेरून ती स्वावलंबनाची वृत्ति दिसते. आंत ती निरोप घेण्याचा कंटाळा असते.

या सर्वांखेरीज साध्या अडचणीही निवड ठरवीत असतात. २०१३ च्या जानेवारींत बीजिंगची हवा इतकी दूषित झाली कीं मुलांना मैदानावर सोडणें धोक्याचें ठरलें. कांहीं श्रीमंत शाळांनीं तर हवा गाळून आंत सोडणारे प्रचंड घुमट मैदानांवर उभारले. ज्यांना घुमट परवडला त्यांचा फुटबॉल चालूं राहिला. २०२० पासून पुढें साथीच्या काळांत दारें बंद झालीं, तेव्हां संघ मोडले आणि दोरीवरच्या उड्या राहिल्या. शाळेच्या बसची वेळ, मैत्रिणीनें लिहिलेलें नांव, शिक्षकाचा आवडता किंवा नावडता स्वभाव, अशीं क्षुल्लक कारणें पुष्कळदां मोठमोठ्या सिद्धांतांना मागें सारतात.

मग उत्तम कोणता, एकट्याचा खेळ कीं संघाचा? जागतिक आरोग्य संघटनेच्या संशोधकांनीं १४६ देशांतील शाळकरी मुलांची माहिती एकत्र करून असें दाखविलें, कीं २०१६ सालीं अकरा ते सतरा वयाच्या मुलांपैकीं शेंकडा ८१ जणांना रोजचा एक तासाचा व्यायामही घडत नव्हता. मुलींत हें प्रमाण शेंकडा ८५, मुलांत ७८. या आंकड्यांपुढें हा वाद दुय्यम ठरतो. जें मूल खेळत राहील तें जिंकलें. चीननें आपल्या क्रीडाविषयक कायद्यांत दुरुस्ती करून २०२३ पासून शाळेंत रोज एक तास व्यायाम बंधनकारक केला आहे. परंतु तो तास संपल्यावर मूल पुन्हां मैदानाकडे वळतें कीं नाहीं, हें कायदा सांगूं शकत नाहीं. कॅनडांतील संशोधक ज्याँ कोते यांनीं १९९९ सालीं मांडलेल्या विचाराप्रमाणें बारा वर्षांपर्यंत मुलानें अनेक खेळ चाखून पाहावे, आणि त्यानंतर हळूहळू एकदोन धरावे. बाराव्या वर्षीं कागदापुढें थबकणारा मुलगा यामुळें गोंधळलेला ठरत नाहीं. तो योग्य वयांत योग्य ठिकाणीं उभा असतो.

म्हणून त्या संध्याकाळीं तो घरीं आल्यावर त्याला विचारावयाचा प्रश्न 'कोणता खेळ घेतलास?' हा पहिला नव्हे. 'तो कां घेतलास?' हा आहे. उत्तर 'मला जमतो' असें आलें, 'मला मजा येते' असें आलें, तर खेळ एकट्याचा असो वा अकरांचा, चिंतेचें कारण नाहीं. 'तुम्हांला आवडेल म्हणून' असें आलें, किंवा 'तेथें मला कोणी हंसणार नाहीं म्हणून' असें आलें, तर मात्र हातांतलें काम बाजूला ठेवून त्याच्याजवळ बसावें. भिंतीवरचा कागद दुसऱ्या सत्रांत बदलतो, आणि पेन्सिलीनें लिहिलेलें नांव पुसतां येतें. तेवढी मुभा मुलाला असली, आणि ती आहे हें त्याला ठाऊक असलें, म्हणजे खेळ तो आपला आपण शोधून काढतो.