माझे पहिले पुस्तक
(वार्षिक संमेलनातील भाषण)



पहिल्या पुस्तकाविषयी दोन शब्द बोलावेत, ही कार्यवाहांची आज्ञा मी शिरसावंद्य मानतो.

१९७४ साली माझा कथासंग्रह तयार होता. एका प्रकाशकांनी हस्तलिखित आठ महिने ठेवून परत केले. मी टाचणीने जोडलेली दोन पाने तशीच जोडलेली होती! अखेर पदरमोड करून छापावयाचे ठरविले. सोळा पृष्ठांचा एक फर्मा, असे आठ फर्मे. एक छापून झाला की खिळे सोडवून पुढचा जुळवावयाचा. पैसे थांबले की काम थांबे. पाचव्या फर्म्याला माझी पुंजी संपली. तेव्हा आईने हातांतील पाटल्या मुकाट्याने काढून दिल्या. तिला अक्षरओळख नव्हती.

अर्पणपत्रिका पहिल्याच फर्म्यात छापून गेली होती. तीत गुरुजींचे नाव होते, आईचे नव्हते. पुस्तक हाती येताच तिने विचारले, "यात माझं काही आहे का रे?" मी "हो" म्हणालो. ते असत्य आजही मला बोचते. दुसरी आवृत्ती निघाली नाही.

बहिणाबाई चौधरींनाही लिहिता-वाचता येत नव्हते. चिरंजीव सोपानदेवांनी व आप्तांनी त्यांची गाणी उतरवून घेतली, म्हणून ती उरली. तरी १९५१ साली त्या निवर्तल्या आणि पुस्तक १९५२ साली निघाले.

म्हणून तरुणांना एकच विनंती. घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांच्या ओव्या, कहाण्या आजच लिहून घ्या. आणि पहिल्या पानावर त्यांचे नाव घाला. ते त्यांना वाचून दाखविण्यास विलंब करू नका.