खुबा कोणाचा, निर्णय कोणाचा?



आज खुब्याविषयी चार गोष्टी सांगायच्या आहेत. मी काही डॉक्टर नाही. जन्मभर शाळेत शिकवले आणि मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो. पण तीन वर्षांपूर्वी माझा डावा खुबा बदलला. म्हणून जे सांगणार ते काही वाचलेले आहे, काही विचारून घेतलेले आहे आणि काही अंगावर भोगलेले आहे.

आपल्या खानदेशात बसणे म्हणजे खालीच बसणे. जेवायला मांडी घालायची. चुलीपुढे पाट घ्यायचा. निंदणी उकिडवे बसून करायची. खुबा गेला की हे सगळेच जाते. माणूस जिवंत असतो, हातपाय असतात, पण उठण्या-बसण्याला दुसऱ्याचा हात लागतो.

खुबा म्हणजे काय, ते आधी पाहू. मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाला एक गोळा असतो. कमरेच्या हाडात एक खोलगट वाटी असते. हा गोळा त्या वाटीत फिरतो. दोघांवर गुळगुळीत कूर्चेचा थर असतो. बैलगाडीच्या आसाला जसे वंगण, तशी ही कूर्चा. वंगण संपले की चाक कुरकुरते. कूर्चा झिजली की हाडावर हाड घासते आणि माणूस लंगडतो.

खुबा कशाने खराब होतो? वयाने झिजतो, हे एक कारण. दुसरे कारण आपल्याकडे तरुणांतही दिसते. गोळ्याला जाणारे रक्त तुटते, हाड आतून मरते आणि गोळा चेपतो. फार दारू पिण्याने असे होते. स्टेरॉइडची औषधे फार दिवस घेतल्यानेही होते. काही भोंदू लोक सांधेदुखीच्या पुडीत हेच औषध मिसळतात. पुडीवर नाव नसते, म्हणून आपल्याला कळत नाही. नाव नसलेली पुडी घेऊ नका. सातपुड्याच्या बाजूला, नंदुरबार, धुळे, चोपडा, यावल या भागात आदिवासी बांधवांमध्ये सिकलसेल नावाचा रक्ताचा आजार आढळतो. त्यात रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात आणि बारीक नळ्यांत अडकतात. त्यानेही खुबा मरतो. अशा घरातल्या मुलाची जांघ दुखू लागली तर थांबू नये, लवकर दाखवावे.

आणखी एक गंमत आहे बरं का. खुबा बिघडला तरी दुखणे पुष्कळदा जांघेत असते. कधी कधी तर ते गुडघ्यातच जाणवते. मग माणूस सहा महिने गुडघ्याला तेल चोळत बसतो आणि आजार राहतो वर. म्हणून एक्स-रे काढून नक्की काय ते पाहावे.

आता मुख्य प्रश्न. ऑपरेशन करावे की नाही?

यात दोन प्रकार आहेत. ते वेगळे ठेवा.

पहिला प्रकार पडण्याचा. म्हातारे माणूस न्हाणीत किंवा ओट्यावर पडते. पाय आखूड दिसतो, बाहेर वळलेला दिसतो, उभे राहवत नाही. खुब्याचे हाड मोडले असे समजा. इथे विचार करायला महिने नसतात. शक्यतो एक-दोन दिवसांत ऑपरेशन झालेले बरे. कधी हाड जोडतात, कधी नुसता गोळा बदलतात, कधी पूर्ण सांधा बदलतात. पारोळ्याकडच्या एका आजींचे सांगतो. त्या पडल्या. घरच्यांनी हाड बसवणाऱ्याकडून पट्टी बांधून घेतली आणि त्यांना बारा दिवस बाजेवर ठेवले. पाठीला जखमा झाल्या, छातीत कफ भरला. मग धुळ्याला नेले. आजी वाचल्या, पण पुन्हा आपल्या पायाने चालल्या नाहीत. लक्षात घ्या, म्हाताऱ्या माणसाला मोडलेल्या हाडाइतकेच अंथरूण मारते.

दुसरा प्रकार झिजण्याचा. इथे घाई नसते. आधी वजन कमी करावे, काठी घ्यावी, व्यायाम करावा, डॉक्टरांनी दिलेली गोळी घ्यावी. काठी दुखऱ्या बाजूच्या हातात धरू नये, विरुद्ध हातात धरावी. डावा खुबा दुखतो तर काठी उजव्या हातात. अशाने खुब्यावरचा भार हलका होतो. एवढे करूनही रात्री दुखण्याने झोप मोडत असेल, पायात वहाण घालता येत नसेल, परसाकडे जाणे अवघड झाले असेल, तर ऑपरेशनचा विचार करावा.

हा विचार कोणी करायचा? इथेच आपली गाडी अडते. माझ्या वेळी मुलगा म्हणाला, "बाबा, या वयात कशाला?" शेजारी म्हणाले, मालिश करा. व्याही म्हणाले, मुंबईलाच जा. जो तो सांगत होता. मी एक वही घेतली. पानाच्या मधोमध रेघ मारली. एका बाजूला लिहिले, मला आज काय काय करता येत नाही. दुसऱ्या बाजूला लिहिले, मला कशाकशाची भीती वाटते. भीतीची बाजू लांब झाली. पण ती वाचली तेव्हा कळले की यातल्या निम्म्या गोष्टी डॉक्टरांना विचारता येतील. त्या विचारल्या. उत्तरे वहीत उतरवून घेतली. मग घरात सांगितले, "मी करून घेणार आहे. तुमची मदत लागेल."

बायकांच्या बाबतीत तर हे फारच होते. घरातले सगळे ठरवतात, जिचा खुबा तिला सोडून. कापूस घरात येऊ द्या, लग्न होऊ द्या, असे म्हणता म्हणता चार वर्षे जातात. सही करायलाही नवरा किंवा मुलगाच पुढे होतो. याबाबत एक निकाल ऐका. एक बाई तपासणीसाठी भुलीखाली होती. डॉक्टरांनी बाहेर बसलेल्या तिच्या आईची संमती घेतली आणि वेगळेच मोठे ऑपरेशन केले. जीवाला तातडीचा धोका नव्हता. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की ही संमती चालणार नाही. सज्ञान माणसाच्या शरीराविषयी संमती त्याचीच हवी, आणि ती सगळे समजावून सांगितल्यावर घेतलेली हवी. म्हणून भगिनींनो, तुम्ही सही करायला शिकलात ना? मग ही सही तुम्हीच करा. पण आधी कागद वाचा. इंग्रजीत असेल तर म्हणा, मराठीत समजावून सांगा. ते मागण्यात लाज कसली?

आणि काय विचारायचे? माझ्या वहीतले प्रश्न देतो. ऑपरेशन केले नाही तर काय होईल? कोणत्या जातीचा सांधा बसवणार? तो किती वर्षे टिकेल? धोके कोणते? घरी किती दिवस माणूस लागेल?

धोके आहेत, ते लपवू नयेत. जखमेत जंतू जाऊ शकतात. पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होऊ शकते. नवा गोळा वाटीतून निसटू शकतो. पायाच्या लांबीत थोडा फरक राहू शकतो. म्हणून आधी साखर ताब्यात आणतात. दात आणि लघवी तपासतात, कारण तिथले जंतू सांध्यात पोचू शकतात. तंबाखू आणि बिडी सोडायला सांगतात, कारण तिच्यामुळे जखम लवकर भरत नाही.

हे ऑपरेशन नवे नाही. इंग्लंडमध्ये जॉन चार्नली नावाचे डॉक्टर होते. त्यांनी आधी टेफ्लॉनची वाटी करून पाहिली. ती थोड्या वर्षांत झिजली. ते खचले नाहीत. १९६२ साली त्यांनी धातूचा गोळा आणि कठीण प्लॅस्टिकची वाटी वापरली. ती टिकली. आजचे बहुतेक खुबे त्याच वाटेने आले आहेत. गोळा धातूचा किंवा चिनी मातीसारख्या सिरॅमिकचा असतो. २०१९ साली परदेशातल्या नोंदींवरून एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात शंभरातले सुमारे ५८ खुबे पंचवीस वर्षे टिकल्याचे दिसले.

पण सगळेच खुबे टिकले नाहीत. डेप्यू या परदेशी कंपनीचा एएसआर नावाचा खुबा होता. त्यात गोळाही धातूचा आणि वाटीही धातूची. दोन्ही घासून धातूचे कण सुटत आणि भोवतालचे मांस खराब होई. ऑगस्ट २०१० मध्ये कंपनीने तो जगभरातून परत मागवला. भारतात तो सुमारे ४,७०० ऑपरेशनांत बसवला गेला होता. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने हे प्रकरण लावून धरले. २०१७ साली केंद्र सरकारने तज्ज्ञांची समिती नेमली. पुढे भरपाईही ठरली. पण सुमारे ३,६०० रोग्यांचा पत्ताच लागला नाही! ज्याचा ठावठिकाणा नाही, त्याला भरपाई पोचवायची कशी? कित्येकांना आपल्या अंगात कोणता खुबा आहे, हेच ठाऊक नसेल.

म्हणून ध्यानात ठेवा. नव्या सांध्याच्या डब्यावर चिठ्ठ्या असतात. त्यांवर कंपनीचे नाव, सांध्याची जात आणि क्रमांक असतो. त्यातली एक चिठ्ठी आपल्या कागदावर चिकटवून मागा. घरी जाण्याचा कागद, एक्स-रे आणि ही चिठ्ठी एका पिशवीत ठेवा. रेशनकार्डाइतकी जपा. आपल्या असोद्याच्या बहिणाबाई चौधरी निरक्षर होत्या. त्यांच्या ओव्या सोपानदेवांनी आणि घरच्या माणसांनी लिहून ठेवल्या, म्हणून त्या १९५२ साली पुस्तकात आल्या आणि आज आपल्याला मिळाल्या. लिहिले ते राहिले. हाडाचेही तसेच आहे.

पैशाचे काय? सरकारी योजना आहे. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्यात आपले धुळे होते. पुढच्या वर्षी जळगावही आले. २०१७ पासून तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव आहे. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसतात. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन त्यांना भेटा. आपले ऑपरेशन, याच दवाखान्यात, योजनेत बसते का, हे आधी विचारा. धुळ्याला आणि जळगावला सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये आहेत. तिथेही चौकशी करा. शेत विकण्याआधी ही चौकशी झालीच पाहिजे.

आता ऑपरेशननंतरचे. लोकांना वाटते, महिनाभर पडून राहायचे. तसे नाही. मला दुसऱ्या दिवशी वॉकर देऊन उभे केले. डोळ्यांपुढे अंधारी आली, पण चार पावले टाकली. झिजलेल्या हाडाची जुनी कळ गेली होती. जखमेचे दुखणे होते, पण ते रोज थोडे थोडे उतरत होते. सहा आठवडे वॉकर, मग काठी, आणि तीन महिन्यांनी मी एकटा बाजारात गेलो. कोणाला कमी लागतात, कोणाला जास्त. दुसऱ्याच्या पायाशी आपला पाय मोजू नये.

डॉक्टर पुढून सांधा उघडतात की मागून, त्यावर नियम ठरतात. आपले नियम विचारून घ्यावेत. मला तीन सांगितले होते. खुबा काटकोनापेक्षा जास्त वाकवायचा नाही. पायावर पाय टाकायचा नाही. पाऊल आत वळवायचे नाही. याचा अर्थ, पाटावर बसणे बंद आणि उकिडवे बसणे बंद. आपली बाज मधे झोळ खाते, तिच्यावरही बसू नये. कडक पलंग आणि उंच खुर्ची हवी. शौचाला कमोडची खुर्ची हवी. ती ऑपरेशनच्या आधीच घरी आणून ठेवा. झोपताना दोन पायांत उशी ठेवायची. न्हाणी कोरडी ठेवायची.

जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी. सारखे घोकून पाठ करा.

व्यायाम कंटाळवाणा असतो. पंजा वरखाली करा, मांडी आवळा, पाय बाजूला न्या. दिवसातून तीन-चार वेळा. हे सोपे वाटते, पण निम्मे ऑपरेशन इथेच होते. डॉक्टर सांधा बसवतात, चालायचे आपल्यालाच असते. रक्त पातळ ठेवण्याची गोळी दिली असेल तर मनाने बंद करू नका. पोटरी सुजली, दम लागला, ताप आला किंवा जखमेतून पाणी आले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

पुढे धुळ्याला एका लग्नाला गेलो. पंगत खाली बसली होती. सगळे म्हणू लागले, "गुरुजी, खाली बठा ना!" मी खुर्ची मागितली आणि ताट मांडीवर घेतले. काहीजण हसले. हसू द्या. घरात म्हातारे माणूस खुर्चीवर जेवत असेल तर त्याला वेगळे वाटू देऊ नका. त्याच्याजवळ आणखी एक खुर्ची टाका आणि तिथे बसून जेवा.

मंडळी, मी कोणालाही ऑपरेशन करा असे सांगायला आलो नाही. नको म्हणणे हाही निर्णयच आहे, पण तो समजून घेतलेला असावा. दुखणे ज्याचे, निर्णय त्याचा. घरच्यांनी मदत करावी, डॉक्टरांनी समजावून सांगावे. आणि आपण वाचावे, विचारावे, मगच सही करावी. वाचायला शिकलो ते याचसाठी.